उलटा पंखा, चार बोटं खिडकी

दिवाळी संपून फराळाच्या डब्यात नुसता चिवड्याचा चुरा उरला, की आमचे घरमालक लाकडी स्टूल घेऊन दारात उभे राहायचे. खांद्यावर जुन्या उशीचा अभ्रा, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि चेहऱ्यावर तपासायला आलेल्या डॉक्टरचा भाव. म्हणायचे, "बाई, जरा बाजूला व्हा. थंडी आली. पंखा उलटा करायचा हाय."

पहिल्या वर्षी मला वाटलं, पंखा काढून न्यायलाच आलेत. म्हटलं, उन्हाळ्यापुरता पंखा देणारा घरमालकही पाहायला मिळाला, धन्य झाले. पण तसं नव्हतं. त्यांनी आधी बाहेर आपल्या बायकोला, चाचींना, हाक मारली, "मेन बंद?" तिकडून "बंद" आलं. पुन्हा विचारलं, "मेन बंद?" पुन्हा "बंद". तिसऱ्यांदा विचारल्यावर चाची वैतागून म्हणाल्या, "बंद म्हंजे बंदच!" मगच ते स्टुलावर चढले. एकेक पातं अभ्र्यात घालून वर्षाची धूळ त्यांनी अशी ओढून घेतली की माझ्या अंथरुणावर कण पडला नाही. मग पंख्याची वरची वाटी सरकवून कंडेन्सरच्या तारा इकडच्या तिकडे केल्या, टेप गुंडाळली, खाली उतरले. मेन चालू झाल्यावर बटण दाबलं, आणि पंखा भलत्याच बाजूनं फिरू लागला. उन्हाळ्यात तो घड्याळाच्या उलट फिरायचा, आता घड्याळासारखा. रेग्युलेटर त्यांनी एकवर आणला आणि त्याला लाल दोरा बांधला.

"आता होळीपत्तोर ह्याला हात लावायचा न्हाई," म्हणाले. "एकच्या वर नेला तर माझ्याशी गाठ हाय."

मी तेव्हा जामखेड तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. नवरा नगरच्या एमआयडीसीत, सुट्टीच्या दिवशी यायचा. राहायला जामखेडातच, खर्ड्याच्या रस्त्याला. तिथं एका अंगणाभोवती चार खोल्यांची रांग होती. एका टोकाला मालक आणि मालकीणबाई, बाकी भाडेकरू. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. मी "सलाम चाचा" म्हणायची, ते "जयभीम बाई" म्हणायचे. आपापल्या शब्दाऐवजी आम्ही एकमेकांचा शब्द वापरायचो, ते दोघांनाही बरं वाटायचं.

मोटारी भरायचा त्यांचा धंदा. बोअरची मोटार जळली की शेतकरी ती फटफटीच्या मागं बांधून त्यांच्या दुकानात आणायचा. चाचा तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून टाकायचे आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत भरायचे. वेढे मोजताना कुणी काही विचारलं तर उत्तर नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल, वेढा चुकता कामा नये. चाची म्हणायच्या, ह्यांच्या सदऱ्याला वार्निशचा वास येतो ते ठीक, पण ह्यांच्या भाकरीला पण येतो.

खोलीत राहायला गेले त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की खिडकी पूर्ण लागत नाही. चौकटीत लाकडाचा एक ठोकळा खिळ्यांनी पक्का ठोकलेला होता आणि झडप त्याला अडत होती. मी भाबडेपणानं विचारलं, "चाचा, सुतार बोलावू का?"

"मीच ठोकलाय," ते म्हणाले. मग हाताची चार बोटं एकावर एक आडवी धरून फटीत घालून दाखवली. "एवढी उघडी राह्यलीच पायजे. बारा म्हैने. पटत नसंल तर गावात खोल्या लई हायेत."

त्यांचा भाडेकरार तो एवढाच. माझ्या आधी तिथं बँकेतला एक कारकून राहायचा. त्यानं एका पौषात ठोकळा उपटून खिडकी गच्च लावली. चाचांनी दुसऱ्या दिवशी त्याची ट्रंक स्वतः उचलून अंगणात आणून ठेवली, वर चाचींना त्याला चहा द्यायला सांगितला. भांडण नाही, आवाज नाही. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "आता निघा." बाजारात यावर बरीच मतं होती. कुणी म्हणे त्यांना तरुणपणी जबर करंट बसला होता, तेव्हापासून डोकं सरकलंय. कुणी म्हणे म्हातारा हट्टी, दुसरं काही नाही. मी दुसऱ्या मताची होते.

जामखेडची थंडी ज्यानं खाल्ली नाही त्याला सांगून कळायची नाही. माळावरून येणारं कोरडं वारं, अंगाखालची फरशी गार, पाणी हाताला चावतं. अशात खिडकी उघडी आणि डोक्यावर पंखा! मी न राहवून म्हटलं, "चाचा, हा म्हणजे दुष्काळात तेरावा महिना झाला."

ते हसले नाहीत. म्हणाले, "स्टुलावर चढा." मी चढले. "हात वर करा. छताला लावा." छताच्या जवळची हवा चक्क कोमट होती. दिवसभर उन्हानं स्लॅब तापायचा, शेजारी माझा गॅस पेटायचा, ती सगळी ऊब वर जाऊन बसली होती. "आता उतरा अन् फरशीवर हात ठेवा." फरशी बर्फ.

"वर उन्हाळा हाय, खाली हिवाळा हाय," चाचा म्हणाले. "अन् तुमी हिवाळ्यात अंथरूण घालून उन्हाळ्याकडं बघत झोपता. दोघांची गाठ घालून द्यायची, बस."

मग त्यांनी उदबत्ती लावली. पंख्याखाली मधोमध धरली तर धूर हळूच वर ओढला गेला. भिंतीशी धरली तर खाली उतरू लागला. सुलटा पंखा वरची हवा आपल्या अंगावर आपटतो, म्हणून गारठा वाटतो. उलटा आणि सावकाश फिरला की मधली गार हवा वर उचलतो आणि वरची ऊब भिंतींच्या कडेनं खाली आणतो, अंगाला वारं लागत नाही. त्यांनी तळहात वर करून डोळे मिटले, हवेची नाडी बघितल्यासारखी बघितली आणि म्हणाले, "बरोबर हाय." तो तळहात त्यांचं यंत्र. बंद मोटारीवर हात ठेवून आत काय जळलंय ते सांगायचे.

मी सातवीला दर वर्षी शिकवायची, गरम हवा हलकी असते, ती वर जाते, याला अभिसरण म्हणतात. फळ्यावर बाण काढायची, बाणांना दोन रंग द्यायची. आणि स्वतःच्या छताला कधी हात लावून पाहिला नव्हता. मला स्वतःचा जरा रागच आला.

"म्हणजे पंख्यानं खोली गरम होते?" मी विचारलं.

"न्हाई बाई. पंखा ऊब तयार करत न्हाई. असलेली वाटतो." आणि जाता जाता दारात थांबून त्यांनी एक वाक्य ऐकवलं, जे पुढं मी शंभरदा ऐकलं. "वारं येगळं अन् हवा येगळी. वारं अंगाला लागतं. हवा छातीला लागती. लोक वाऱ्याला भेत्यात अन् हवेला इसरत्यात."

मला ते म्हाताऱ्याचं शहाणपण वाटलं. ऐकलं आणि सोडून दिलं.

तिसऱ्या हिवाळ्यात माझी मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. वजन दोन किलोला थोडं कमी. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ ठणठणीत आहे, पण ह्याला ऊब हवी, गारठलं तर ते दूध ओढणार नाही. एवढ्याशा जिवाला घेऊन नगरपर्यंत किंवा माहेरी प्रवास नको, इथंच राहा, रोज दाखवता येईल. म्हणून बाळंतपण करायला आईच जामखेडला आली.

माझी आई शिंगणापूरची. जिथल्या घरांना दारं नाहीत ते शिंगणापूर. तिनं खोलीत पाऊल टाकलं, बाळाला पाहिलं, खिडकी पाहिली, वर फिरणारा पंखा पाहिला आणि पदर खोचला.

"बाळंतिणीच्या खोलीत पंखा? ह्या दिवसांत?"

चाचा दारातच उभे होते. "उलटा हाय, ताई. वारं लागत न्हाई."

"सुलटा असू द्या न्हाईतर उलटा. बंद करा आधी. अन् ह्या खिडकीला काय झालंय?"

"ती तशीच ऱ्हाणार."

"पोरीला वारं लागलं तर?"

"तुमच्या गावात घराला दारं न्हाईत," चाचा शांतपणे म्हणाले, "अन् तुमी माझी खिडकी बुजवायला निघाला?"

आईनं खोचलेला पदर पुन्हा खोचला. शिंगणापूरच्या माणसाला या मुद्द्यावर पटकन उत्तर सुचत नाही. मग म्हणाली, "दारं न्हाईत ती चोराला. बाळंतिणीला गोधडी आडवी बांधतोच की आमी."

दोन दिवस धुसफूस झाली. चाचांनी दुकानातून स्वतःचा रॉडचा हिटर आणून दिला, तो पंख्यापासून दूर भिंतीशी लावला. मग आईला मध्ये उभं करून म्हणाले, "सांगा वारं लागतंय का." आईनं पदराचं टोक हवेत धरलं. हललं नाही. तिनं गाल पुढं केला, हात केला, बाळाचं टोपडं काढून त्याच्या जावळाकडं बराच वेळ बघितलं. एक केस हलला नाही. खोली मात्र कोपऱ्यापर्यंत सारखी उबदार झाली होती आणि हिटर लवकर बंद केला तरी ऊब टिकायची. "पंखा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पर खिडकी मला पटत न्हाई." एवढी माघारही तिनं आयुष्यात कुणापुढं घेतली नव्हती.

बाळ घरी आल्यापासून चाचांनी एक नवीन खोड लावून घेतली. रोज सकाळी दुकानात निघताना ते आमच्या दारापासून दोन पावलं लांब, पाठ करून उभे राहायचे. बाळंतिणीच्या खोलीत डोकावायचं नाही, एवढी रीत ते पाळायचे. तिथूनच विचारायचे, "बाई, पोरगी रडली का?"

"रडली, चाचा."

"मग मी दुकानाकडं जातो."

एखाद्या दिवशी ती शांत झोपलेली असली तर ते तिथंच उभे. ती उठून रडेपर्यंत हलायचे नाहीत. आई कुजबुजायची, "सारं जग पोर रडू ने म्हणून झटतंय, अन् ह्या मानसाला रडाया पायजे." आम्ही दोघी तोंडावर पदर घेऊन हसायचो.

त्या आठवड्यात सकाळची लाईट जायला लागली. आठला गेली की अकराशिवाय यायची नाही. हिटर बंद, पंखा बंद, आणि नेमकी तीच बाळाच्या अंघोळीची वेळ. चाचांनी बजावून ठेवलं होतं, लाईट नसली तर पोरीला छातीशी धरा, वरून गोधडी घ्या, दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलंय तसं. पण आईच्या मते बाळंतीण म्हणजे शेक-शेगडी. बाजेखाली शेगडी नसलेली बाळंतीण तिनं पाहिली नव्हती. मी तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळले होते. पाठ दुखत होती, पाय गार पडत होते. म्हटलं, आण.

हे मला इथं स्पष्ट लिहायला हवं. आईला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. बंद जागेत कोळसा जळला की हवा संपत जाते आणि न दिसणारा विषारी वायू साठतो, हे मी मुलांना शिकवलं होतं, पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून दाखवलं होतं. तरी मी "आण" म्हटलं, कारण मला थंडी वाजत होती आणि आई मायेनं विचारत होती.

आईनं शेगडी अंगणात पेटवली, धूर पूर्ण जाईपर्यंत वारा घातला. "धूरच न्हाई तर निखाऱ्याला काय होतंय?" म्हणाली. बाळाला अंघोळ घालून, गुंडाळून माझ्या कुशीत दिलं, शेगडी बाजेखाली सारली. मग दाराला कडी लावली, आणि आपली दोन जुनी लुगडी घड्या घालून त्या चार बोटांच्या फटीत दाबून बसवली. खोलीत इतकी छान ऊब आली की मला वाटलं, महिन्यात पहिल्यांदा हाडं सैल झाली. आई भिंतीला टेकली. माझं डोकं जड झालं. मी ते जाग्रणावर ढकललं. बाळ शांत होतं, आणि त्याचं मला बरं वाटलं.

लाईट नाही म्हणून चाचांचं दुकानही बंद होतं. ते उशिरा, नऊच्या सुमाराला, आमच्या दारापुढं आले आणि पाठ करून विचारलं, "बाई, पोरगी रडली का?"

मला तो आवाज ऐकू आला होता. फार लांबून, विहिरीच्या काठावरून कुणी बोलावं तसा. उत्तर द्यायचं होतं, जीभ उचलत नव्हती.

पुढचं काही मी पाहिलं, काही चाचींनी सांगितलं. चाचांनी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग वळून खिडकीकडं गेले आणि फटीतून बाहेर आलेला लुगड्याचा काठ त्यांना दिसला. ते ओरडले. चाची म्हणाल्या, असा आवाज त्यांच्या तोंडून मी आयुष्यात एकदाच ऐकला. लुगडी त्यांनी बाहेरून उपसून काढली, दाराला खांदा दिला, कडीसकट दार आत आलं. रीत गेली, संकोच गेला. वाकून त्यांनी बाजेखालची लोखंडी शेगडी दोन्ही हातांनी उचलली. नुसत्या हातांनी. तशीच छातीजवळ धरून अंगणापर्यंत नेली आणि मग टाकली.

आणि परत आत येऊन त्यांनी काय केलं असेल? पंख्याचं बटण दाबलं. लाईट नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तरी ते बटण वर-खाली, वर-खाली करत राहिले. चाचींनी ओरडून भानावर आणलं तेव्हा त्यांनी माझ्या कुशीतून बाळ उचललं आणि उन्हात नेलं. चाचींनी मला आणि आईला ओढून ओसरीवर आणलं. मला आठवतं ते अंगणातलं पांढरं ऊन, आणि त्यात उभी असलेली चाचांची पाठ. ती पाठ हलत नव्हती. किती वेळ, कुणास ठाऊक. मग माझी मुलगी रडली. बारीक, चिरका, रागावलेला आवाज. चाचा होते तिथंच मातीत बसले.

रिक्षात घालून आम्हाला दवाखान्यात नेलं. तिघींना नाकाला नळ्या लावून दिवसभर ठेवलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "खिडकी कुणी उघडली?"

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर चाचा अंगणात बसलेले, दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या. चाची त्यांना बशीनं चहा पाजत होत्या. आई त्यांच्यासमोर जाऊन खाली बसली. माझी आई कुणाची माफी मागताना मी पाहिली नव्हती. तिला ते जमेनाही. ती नुसतीच म्हणाली, "चाचा, माझ्या हातून..."

"तुमच्या हातून न्हाई," चाचा म्हणाले. "माझ्या हातून."

आम्हाला कळेना. मग त्यांनी सांगितलं, मान खाली घालून, तारेचे वेढे मोजायचे तितक्याच बारीक आवाजात. "आमाला पैला पोरगा झाल्ता. असाच पूस म्हैना. हिच्या आईनं शेगडी ठिवली. मी दुकानातून आलो, खिडकीतून वारं येत हुतं. मला वाटलं, पोराला लागंल. मी जाऊन पोतं आनलं अन् माझ्या हातानं खिडकीत ठासलं. मायेनं ठासलं, ताई. चांगलं दाबून. अन् कामावर गेलो." थोडं थांबून म्हणाले, "ही वाचली. चार दिवसांनी शुद्धीवर आली. तवर पोराला मातीला नेल्तं."

चाची बशी हातात धरून दुसरीकडं बघत होत्या. मला रडू फुटलं. त्यांच्यासाठी आणि माझी मलाच लाज वाटत होती म्हणूनही. हट्टी म्हातारा म्हणून मी ज्याला हसत आले, तो माणूस इतकी वर्षं एका पोत्याची फेड करत होता, प्रत्येक भाडेकरूच्या खिडकीत ठोकळा ठोकून. ऊबही हवी आणि हवाही हवी, या दोन गोष्टींची गाठ घालण्यात त्यानं आयुष्य घातलं होतं. उलटा पंखा तिथून आला होता.

आई उठली, आत गेली. ती लुगडी खिडकीखाली बाहेर तशीच पडली होती. तिनं ती उचलून अंगणातल्या चुलीत घातली. नंतर ती शिंगणापूरला परतली तेव्हापासून आजपर्यंत कुठल्याही बाळंतिणीच्या खोलीत शिरली की आधी शेगडी बाहेर काढते आणि खिडकीत चार बोटं घालून बघते. बायका तिला हसतात. हसू द्यात म्हणते.

त्या हिवाळ्यात चाचांनी एकही मोटार भरली नाही. जखमा भरल्या, पण तळहाताची कातडी जाड आणि गुळगुळीत झाली. बारीक तार बोटांना कळेना. हवाही कळेना. मग ते हात वर करायच्याऐवजी गाल वर करायचे. होळीला पंखा सुलटा करायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं. ते खालून सांगत होते, मी वर तारा बदलत होते. मेन बंद आहे का हे त्यांनी तेव्हाही तीनदा विचारलं. पोरीच्या रडण्याची रोजची चौकशी चालूच राहिली. फक्त आम्ही आता हसत नव्हतो. ती झोपलेली असली तर आई तिच्या तळपायाला हळूच चिमटा काढायची.

पुढं माझी बदली झाली आणि आम्ही नगरला आलो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात मात्र अजून नगरच येतं. गेल्या वर्षी नवा पंखा घेतला, रिमोटवाला. रिमोटवर एक गोल बाणाचं बटण. दुकानदाराला विचारलं, हे कशाला? म्हणाला, "पंखा उलटा फिरतो मॅडम. पण तुम्हाला काही कामाचं नाही, कुणी वापरत नाही." मी त्याला उभ्या उभ्या पंधरा मिनिटं शिकवलं. मुलगी लाजून बाहेर जाऊन उभी राहिली. ती आता आठवीत आहे, उंचीनं माझ्या कानाला लागली आहे आणि आईनं चारचौघांत शिकवलेलं तिला आवडत नाही.

पण ती गोष्ट तिला ठाऊक आहे. म्हणून या पौषात जामखेडला जाते म्हटल्यावर ती न सांगता तयार झाली.

अंगण तेच होतं. दुकान मुलगा बघतो, तो धाकटा, त्या पहिल्यानंतर झालेला; आम्ही तिथं होतो तेव्हा तो बाहेरगावी शिकत होता. त्यानं खोल्या नीट केल्यात, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्यात. गच्च लागतात. चाचा पलंगावर पडून होते, लहान झालेले. चाचींनी आधीच सांगितलं, "कवा वळखत्यात, कवा न्हाई. मला बी कदी कदी इचारत्यात, तू कोन म्हनून." खोलीत हिटर चालू होता आणि छताचा पंखा बंद. चाची म्हणाल्या, "पोराला सांगून दमले. तो म्हनतो, थंडीत पंखा कशाला. अन् स्टुलावर चढायचं आता कोनी?"

स्टूल दाराआड होतं. मी ते ओढलं, चाचींना मेन बंद करायला सांगितलं आणि वर चढले. वाटीला हात लावला तोच पलंगावरून आवाज आला, "मेन बंद?"

मी दचकले. "बंद, चाचा."

"मेन बंद?"

"बंद."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं आणि तिसऱ्यांदा मी सांगितलं. तारा बदलल्या, टेप गुंडाळली. पंखा सावकाश घड्याळासारखा फिरू लागला. चाचांनी उशीवरच गाल थोडा वर केला. मुलगी खिडकीपाशी गेली, काच सरकवली आणि फटीत बोटं आडवी धरून थोडी घुटमळली.

"आई, माझी बोटं बारीक आहेत. पाच घालू का?"

"घाल बेटा," चाची म्हणाल्या. "पाच घाल."

बराच वेळ बसलो. चहा झाला. चाचांनी मला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. निघताना मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं नीट पाहिलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, "बाई, पोरगी रडली का?"

मी वळून मुलीकडं पाहिलं. मुलगी मला बाजूला करून पुढं झाली. वाकून त्यांचा तो गुळगुळीत तळहात तिनं दोन्ही हातांत धरला.

"रडली, चाचा," ती म्हणाली. "लई जोरात रडली."

चाचांनी मान हलवली. "मग मी दुकानाकडं जातो," म्हणाले, आणि गोधडी छातीपर्यंत ओढून निवांत पडून राहिले.